लूपरवरची गिटार ऐकायची, तर आधी चूक शोधा

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची सकाळ. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, मागच्या खोलीत भाची गिटार घेऊन बसली होती, आणि हिने लसणाच्या चटणीसाठी मिक्सर लावला. तेवढ्यात भाचीच्या स्पीकरमधून ‘घर्रर्र’ असा मोठा आवाज आला. मिक्सर चार सेकंदांत बंद झाला, घर्रर्रही थांबली. मी पान उलटलं, तर सात सेकंदांनी घर्रर्र परत. मिक्सरचं भांडं हिच्या हातात, चमच्याने चटणी खरवडणं चाललेलं. पुन्हा सात सेकंद काही नाही, पुन्हा घर्रर्र.

“मामा, पिकअपनं मिक्सर पकडला,” ती आतून ओरडली. “लूपमध्ये गेला.”

“मग पुसून टाक ना.”

“आता आलाय तर राहू दे.”

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आर्किटेक्चर शिकायला नाशकात आली, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहते. गिटार इलेक्ट्रिक, आणि पायाशी एक लोखंडी डबी. तिला लूपर म्हणतात. तोवर मला तिचं वाजवणं म्हणजे ‘तारा जुळवणं चाललंय, वाजवायला कधी लागणार’ असंच वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा उठून दारात जाऊन उभा राहिलो.

तिने काय केलं ते नीट सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, त्यामुळे पिकअपमध्ये (तारांची थरथर टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकात) जी घुर्र शिरते ती ५० ची आणि दुपटीची, म्हणजे १०० ची. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीला, बोट ठेवलं की ९८ चा स्वर निघतो. तिने तो छेडला. ९८ आणि १०० शेजारी आले की आवाज सेकंदाला दोनदा हेलकावतो: वँव, वँव, वँव. मग तिने तार बोटाने किंचित ओढली, मिंडेला ओढतात तशी. हेलकावे संथ झाले, अजून संथ झाले, आणि थांबले. मिक्सरची घर्रर्र त्या स्वरात जाऊन बसली, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळताना एकमेकींत विरघळतात तशी. पुढची १५ मिनिटं तिने त्या घर्रर्रीवरच सगळं रचलं.

मी ३३ वर्षं सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग सरसर वाहतं. आतल्या कड्याला कुठे टवका उडाला असेल तर ठरावीक अंतराने टक्, टक्, टक् येतं. ते अंतर धरता आलं की दोष कुठे आहे ते कळतं. आयुष्यभर परत येणारा आवाज शोधून माल रिजेक्ट केला. आणि इथे ही पोरगी परत येणाऱ्या आवाजाला बसायला पाट देत होती. तेव्हापासून मी हे संगीत, ‘लाइव्ह लूपिंग’ म्हणतात ते, ऐकतो, आणि ज्यांना ‘यात काही घडतच नाही’ असं वाटतं त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो. ती संगीतवाल्याची नाही, इन्स्पेक्टरची आहे.

आधी यंत्र समजून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. पायाने कळ दाबली की लूपर ध्वनिमुद्रण सुरू करतो. पुन्हा दाबली की तेवढा तुकडा फिरत राहतो. तो फिरत असताना वाजवणारा त्याच्यावर दुसरा थर घालतो, मग तिसरा. बऱ्याच यंत्रांवर अशीही सोय असते की प्रत्येक फेरीला जुना थर थोडा फिका व्हावा. समजा दर फेरीला ८० टक्के उरतो, तर दहा फेऱ्यांनंतर दहा-अकरा टक्केच शिल्लक. म्हणजे नवं घालत राहायचं आणि जुनं विरत राहणार, मुरांब्याच्या बरणीसारखं नाही, माठातल्या पाण्यासारखं. मूळ पाणी कधी संपलं ते कळत नाही, माठ मात्र भरलेलाच.

‘लाइव्ह लूपिंग’मधला लाइव्ह शब्द महत्त्वाचा. आधी घरी तयार करून आणलेलं काही नसतं. जे ऐकू येतंय ते सगळं याच बैठकीत, याच हातांनी आत गेलेलं आहे. त्यामुळे चूकही आत जाते. आणि गाण्यातली चूक होऊन जाते, ही परत येते.

हे डबीच्या आधी टेपवर होत होतं. ज्यांच्या घरी स्पूलचा टेपरेकॉर्डर होता त्यांना लगेच उमजेल. दोन मशीन शेजारी ठेवायची, एकच टेप पहिल्यावरून निघून दुसऱ्यावर गुंडाळायची. पहिलं मशीन मुद्रण करतं, टेप सरकत दुसऱ्यापर्यंत गेली की ते वाजवतं, आणि तो आवाज परत पहिल्यात सोडायचा. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांमध्ये दीड मीटर अंतर असेल, तर आवाज आठेक सेकंदांनी परत येणार. मशीन सरकवलं की वेळ बदलली. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने १९६३ साली पॅरिसमध्ये ही जोडणी वापरली, जॅझवादक चेट बेकरच्या ट्रम्पेटवर. जोडणी करून दिली ती तिथल्या रेडिओच्या एका इंजिनिअरने, हे मला विशेष आवडतं. पुढे १९७२ मध्ये लंडनला संगीतकार ब्रायन ईनोच्या घरी गिटारवादक रॉबर्ट फ्रिप गिटार घेऊन गेला, ईनोने दोन रेव्हॉक्स मशीन जोडून ठेवली होती, आणि त्यातून १९७३ ची ‘नो पुसीफुटिंग’ ही तबकडी झाली. फ्रिप नंतर हीच मशीन घेऊन एकटा फिरला. १९७९ मध्ये तर मोठी सभागृहं सोडून रेकॉर्डची दुकानं आणि रेस्टॉरंटं अशा जागी वाजवलं. या प्रकाराला फ्रिपरट्रॉनिक्स असं नाव पडलं.

आता ऐकायला बसूया.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. खालचा थर गेला की उरतं ते नुसतं भिरभिरणं. साधा वायरचा हेडफोन पुरतो. मी साडेतीनशे रुपयांचा वापरतो, मेनरोडवरून घेतलेला. जाहिरात मध्ये येणार असेल तर आधी उतरवून घ्या. अठराव्या मिनिटाला सिमेंटची जाहिरात कानात फुटली की मागचं सगळं वाया जातं, हा अनुभव घेतलाय.

आवाज किती ठेवायचा? खोलीतला फ्रिज चालू झालेला कळला पाहिजे, इतका. ईनोची एक गोष्ट आहे. १९७५ मध्ये अपघातानंतर तो अंथरुणाला खिळलेला असताना एका मैत्रिणीने त्याला हार्पची तबकडी आणून दिली. ती लावून तो परत आडवा झाला, तर आवाज फारच कमी, शिवाय स्टीरिओची एक बाजू बंद. उठायची ताकद नाही. म्हणून पावसाच्या आवाजात जेवढं हार्प ऐकू आलं तेवढंच ऐकत पडला, आणि संगीत खोलीतल्या उजेडासारखं असू शकतं हे त्याच्या लक्षात आलं. ‘ॲम्बियंट’, म्हणजे भोवतालचं, हा शब्द त्याने पुढे १९७८ च्या विमानतळासाठीच्या तबकडीवर छापला. म्हणजे या सगळ्याची एक मुळी बिघडलेल्या स्पीकरपर्यंत जाते. पण पहिल्याच वेळी पार्श्वभूमीला लावू नका. पहिल्यांदा बसून ऐका, मग भांडी घासताना लावा नाहीतर झोपताना.

वेळ म्हणाल तर नाशकात डिसेंबर-जानेवारीची पहाट. थंडीत पंखा बंद असतो, एवढं एकच कारण पुरेसं आहे. पंखासुद्धा लूपच आहे आणि तो कुणाचं ऐकत नाही. पावसाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून ऐकणं हा वेगळा प्रकार, तो नंतर करून पाहा. गणपतीच्या दिवसांत नादाला लागू नका. नाशिक ढोल घुमायला लागला की हेडफोनच काय, भिंतीसुद्धा आपल्या राहत नाहीत. तेव्हा खाली उतरून ढोलच ऐकावा.

कागद-पेन्सिल घ्या. होय, खरंच. आम्ही इन्स्पेक्शन शीट भरायचो तसं. दोन रकाने, वेळ आणि काय आलं. पहिल्या पाच मिनिटांत एकच काम करायचं: खूण शोधायची. स्वरांच्या मागे जाऊ नका, ते निसटतात. खडबडीत काहीतरी पकडा. तारेवर बोट घासल्याचा ‘च्यॅक’, नखाचा टक्, लूपच्या सांध्यावर येणारा बारीक कट्, ॲम्प्लिफायरची खसखस. वेल्डिंगच्या पाईपवर हात फिरवला की जोड लागतो ना, तसा लूपचाही सांधा कानाला लागतो. ती खूण परत आली की वेळ लिहा. तिसऱ्यांदा आली की लूपची लांबी तुमच्या हातात आली.

भाचीच्या एका मुद्रणाचा माझा कागद जपून ठेवलाय, त्यातलं थोडं उतरवतो.

०:०० एक स्वर. छेडल्याचा आवाज नाही, पेडलने हळूच उघडलाय.
०:११ तोच, जरा फिका.
०:४४ वरचा एक, लांबट.
१:५२ च्यॅक! बोट घासलं.
२:०३ च्यॅक.
२:१४ च्यॅक. म्हणजे ११ सेकंद.
२:२५ च्यॅक, आणि त्याच्यामागोमाग नवा स्वर, मुद्दाम.
२:३६ च्यॅक-स्वर. आता ते दोघे जोडीने येतात.
४:०४ च्यॅक गेला. स्वर आहे.

इथे जरा थांबा. १:५२ ला चूक झाली. तीन फेऱ्या तिने नुसती ऐकली. २:२५ ला तिच्या पाठीवर स्वर ठेवला, त्यामुळे पुढे तो च्यॅक चूक राहिलाच नाही, स्वराची उठाण झाला. बारा फेऱ्यांत तो विरून गेला आणि स्वर एकटा उरला. तोवर कानाला तिथे उठाणीची सवय लागलेली, म्हणून ४:०४ ला जे नाही तेही मला ऐकू आलं. नुसतं ‘शांत, छान संगीत’ म्हणून ऐकलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिजेक्शन नाही, रीवर्क. तोही चालत्या मशीनवर.

नंतर तिला विचारलं, “तीन फेऱ्या का थांबलीस? लगेच का नाही झाकलं?”

“पहिल्या फेरीला नुसती लाज वाटते मामा. दुसऱ्यांदा तो कुठे पडतोय ते कळतं. तिसऱ्यांदा त्याला काय हवंय ते.”

वय वर्षं २१. मला हे कळायला कारखान्यात दहा वर्षं गेली होती, आणि तेव्हाही लाजेच्याच पायरीवर अडकलेले सहकारी मी निवृत्तीपर्यंत पाहिले.

लूपची लांबी हाती आली की दुसरं काम, थर मोजणं. इथे बहुतेकांची फसगत एका कारणाने होते: गिटार गिटारसारखी वाजत नाही. तार छेडली की आधी आघात येतो, मग ओघ. आघात कापला की ओळख बुजते. पायाच्या व्हॉल्यूम पेडलने आवाज शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग उघडायचा, की गिटारची बाजाची पेटी होते. ई-बो नावाचं हातात मावणारं एक उपकरण आहे, १९७६ पासून बाजारात आहे. ते तारेला न शिवता चुंबकाने थरथरत ठेवतं, स्वर हवा तेवढा लांबतो, सारंगीच्या गजासारखा. म्हणून ‘यात व्हायोलिन कुठून आलं’ असं वाटलं की समजा, गिटारच आहे, तिचं नाक कापलंय.

थर मोजताना सगळे एकदम धरू नका. मैफलीत गाणं चालू असताना मुद्दाम मागच्या तंबोऱ्याकडे कान वळवून बघितलंय कधी? सुरुवातीला तो नसतोच, मग हळूहळू पुढे येतो, आणि एकदा आला की गायक त्याच्यामागे उभा असल्यासारखा वाटतो. तसंच इथे करायचं. एक थर निवडा, सगळ्यात खालचा बरा. तो पूर्ण विरेपर्यंत त्याचं बोट सोडू नका. मग वरचा धरा. या दोन परंपरांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाहीये. टेपवाला टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्याकडे शिकला, त्यांच्यामागे तंबोऱ्यावर बसला.

एक सवय मात्र घराबाहेर काढून ठेवा, समेची. आपला कान फेरी दिसली की आवर्तन समजतो आणि सम शोधायला लागतो. मीही महिनाभर मांडीवर ताल धरून बसायचो, ११ सेकंदांची फेरी १६ मात्रांत बसवायचा प्रयत्न करत. बसते, आणि बसली की सगळं बिघडतं. दर फेरीला तुम्ही समेवर मान हलवणार, समोरून दाद देण्यासारखं काही येणार नाही, आणि चिडून बंद करणार. तबल्याचं आवर्तन रिकामं येतं, ते कलावंत नव्याने भरतो. लूपची फेरी भरलेलीच येते. तेव्हा पुढे काय येणार याची वाट न बघता मागचं काय उरलंय याचा हिशेब ठेवावा.

आणि दोन लूप असतील तर? तिथे खरी गंमत आहे, आणि ती मी लहानपणीच ऐकली होती. आम्ही तेव्हा जुन्या नाशकात राहायचो. शाळेच्या वाटेवर तांबट आळी लागायची. एका ओट्यावर एक कारागीर हंड्याला ठोके घालतोय, समोरच्या ओट्यावर दुसरा. ठण्-ठण्-ठण्-ठण्, दोघांची गती जवळपास सारखी, पण अगदी सारखी नाही. मध्येच ठोके एकमेकांवर पडायचे आणि एकच मोठा ठोका व्हायचा, मग फटी पडायच्या, दोघांचे मिळून टणटण-टणटण असे चार व्हायचे, मग परत एकावर एक. ते दोघे एकमेकांकडे बघतही नव्हते. मी दप्तर पाठीला घेऊन ठोके एकत्र यायची वाट बघत थांबायचो आणि शाळेत उशीर झाला म्हणून छडी खायचो. आता आळीत दुकानं जास्त, ठोकणं कमी. पण सकाळी गेलात आणि दोन हातोडे चालू सापडले तर पाच मिनिटं उभे राहा. लूपिंग ऐकण्याचा इतका चांगला रियाज दुसरा नाही.

हिशेब चौथी-पाचवीतला आहे, लसावि. एक लूप ७ सेकंदांचा, दुसरा ११ चा. दोन्ही एकदम सुरू केले तर पुन्हा एकत्र सुरू व्हायला ७७ सेकंद. ७.३ आणि ११.१ केले तर? ८१० सेकंद, साडेतेरा मिनिटं! तेवढ्या वेळात तेच दोन तुकडे दर वेळी वेगळ्या ठिकाणी भेटतात. वाजवणारा हात मांडीवर ठेवून बसलेला असतो आणि नव्या जोड्या बनत राहतात. असं मुद्रण ऐकताना कागद बाजूला ठेवा. तिथे मोजण्यापेक्षा भेटी पकडा.

घुमारा आणि लूप यांची गल्लत होते, तेवढी एक सोडवून घ्या. नाशिककरांना त्यासाठी पांडवलेणी आहे. सकाळी लवकर चढा, अठराव्या लेण्यात जा, स्तूपाच्या चैत्यगृहात. कमानदार छताखाली एकदाच हलकी टाळी वाजवा. हलकी म्हणतोय, लोक तिथे शांत बसायला आलेले असतात. टाळी लगेच पुसट होत पसरते, तिला कड राहत नाही. तो घुमारा. लूपमध्ये टाळी टाळीसारखीच परत येते, कडेसकट. या संगीतात दोन्ही वापरतात, आणि घुमारा किती लांबू शकतो याचा नमुना ऐकायचा तर संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोसची १९८९ ची ‘डीप लिसनिंग’ ही तबकडी लावा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत तिने दोन साथीदारांबरोबर ॲकॉर्डियन वाजवलं. तिथला घुमारा ४५ सेकंदांचा. गिटार नाही, लूपर नाही, टाकीच सगळं करते. कान धुवून निघतो.

घुमाऱ्यावरून आठवलं, वाईट माल कसा ओळखायचा. कारण या प्रकारात वाईट माल ढिगाने आहे. डबी घेतली, दोन स्वर सोडले, घुमारा शंभर टक्के केला, की कुणीही गंभीर वाटतं. आमच्याकडे सप्लायर कास्टिंगमधली भोकं लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, वरून रंग मारून पाठवायचे. दिसायला गुळगुळीत. नखाने खरवडलं की लांबी निघायची. तसंच खरवडायचं: दहा मिनिटांत एकही खूण सापडली नाही, ना बोट, ना सांधा, ना काही विरलं, ना काही काढून टाकलं, तर ते लांबी भरलेलं कास्टिंग आहे. दुसरी खूण, थर फक्त वाढत जातात. ज्याला लूप रिकामा करता येत नाही तो वाजवणारा कच्चा. भाची म्हणते मी फार कडक आहे. असेन.

काय ऐकावं? सुरुवात ‘नो पुसीफुटिंग’ने करू नका. पहिल्याच बाजूला ‘द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन’ हा २१ मिनिटांचा तुकडा आहे. एका लांब स्वराने उघडतो, आणि वर फ्रिपची गिटार येते ती कान कापत येते. आधी याच दोघांची १९७५ ची ‘ईव्हनिंग स्टार’ लावा, तिचं त्याच नावाचं दुसरं गाणं आठेक मिनिटांचं आहे, मऊ आहे. मग मागे जा. नंतर फ्रिपची एकट्याची १९८१ ची ‘लेट द पॉवर फॉल’, ज्यात टेपच्या फेऱ्या स्वच्छ मोजता येतात. २०२० च्या मे महिन्यापासून त्याने ‘म्युझिक फॉर क्वायट मोमेंट्स’ म्हणून दर आठवड्याला एक असे तुकडे सोडले. लॉकडाऊनमध्ये जगभर लोकांनी ऐकले ते. रोजच्या वापराला ते उत्तम.

‘नो पुसीफुटिंग’बद्दल एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. १९७३ मध्ये बीबीसीवर ती टेप चुकून उलटी लागली, शेवटाकडून सुरुवातीकडे, आणि तशीच प्रसारित झाली. ऐकणाऱ्यांत ईनो होता, त्याला कळलं. पुढे २००८ मध्ये तबकडी नव्याने काढली तेव्हा उलट्या आवृत्त्याही मुद्दाम सोबत घातल्या. आमच्या कारखान्यात उलटा बसवलेला पार्ट कुणी कॅटलॉगमध्ये छापला असता तर!

प्रत्यक्ष बैठक मिळाली तर पायाकडे बघा, हाताकडे नको. हात स्वर काढतो, पाय ठरवतो की तो राहणार की जाणार. आणि टाळी मध्ये वाजवू नका. डबीला माइक जोडलेला असला तर तुमची टाळी पुढची दहा मिनिटं सगळ्यांना ऐकावी लागेल.

जानेवारीत आमच्या गच्चीवर अशी बैठक झाली. नऊ माणसं, दोन सतरंज्या, शेकोटी लांब ठेवलेली, चहाचा थर्मास. हिला आधीच सांगून ठेवलं होतं की मिक्सर नको. विसाव्या मिनिटाला चार थर सुरेख फिरत होते, मी मनातल्या मनात वरून तिसरा धरला होता, आणि लाइट गेली. सगळं एका क्षणात गेलं. लूपरला ॲडॉप्टर, बॅटरी नाही, साठवलेलं काही नाही. अंधारात कुणी हललं नाही. खाली रस्त्यावर कुत्रं भुंकत होतं, तेही ठरावीक अंतराने. मी मोजलं, साधारण चार सेकंद.

भाचीने गिटार मांडीवर तशीच ठेवली होती. ॲम्प्लिफायरशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज डासाएवढा. तिने तोच तिसरा स्वर बोटाने छेडला, थांबली, साधारण अकरा सेकंदांनी परत छेडला. मग परत. दहा-बारा वेळा, दर वेळी जरा हळू. थर्मासचं झाकण उघडायला निघालेला शेजाऱ्यांचा हात तिथेच थांबला होता.

लाइट आली तेव्हा खालून हिचा आवाज आला, “अगं, आता लावू का मिक्सर?”

“थांब मामी,” भाची म्हणाली, आणि पायाने कळ दाबली. “हं, लाव.”